मोर, पंखा आणि लाल ओढणी

मेंदीच्या त्या पुड्यांची आठवण निघाली की आजही माझे डोके तापते. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, एकदा तर ठाण्याच्या आवारातून आमचीच जीप चोरीला गेली. त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहे. हे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते, कारण यात पहिल्या दिवसापासून सगळे मला हसत होते आणि मी कुणाच्या हसण्याला भीक घातली नाही.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. वडील लष्करी इस्पितळात डॉक्टर होते, बदलीवर जयपूरला आले आणि तिथलेच झाले. माझे शाळा-कॉलेज जयपूरला झाले आणि मी राजस्थान पोलिसात फौजदार म्हणून भरती झालो. घरात मराठी, दारात हिंदी आणि ठाण्यात ढूंढाडी, म्हणजे जयपूरकडच्या बोलीतल्या शिव्या, अशी माझी तीन भाषांची गृहस्थी होती. ऐंशीच्या दशकात परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, एका ठाण्याचा मी प्रमुख होतो.

आखातीज जवळ आली होती. आपली अक्षय्य तृतीया तीच राजस्थानची आखातीज. त्या दिवशी तिकडे मुहूर्त पाहावा लागत नाही, गावोगावी मांडव पडतात. बाजारात मुंगीला शिरायला जागा नसते आणि पोलिसांना जेवायला फुरसत नसते. अशा एका दुपारी एक बाई दुसरीला केसांना धरून ओढत ठाण्यात आली आणि त्यांच्यामागे अर्धा बाजार आला.

ओढणारी होती नाइन, म्हणजे न्हाव्याची बायको. राजस्थानात लग्नघरी नवरीला मेंदी लावायचा मान नाइनचा. मेंदी आणायचीही तिनेच आणि लावायचीही तिनेच. जिला ओढत आणले होते ती पंचेचाळिशीची, साध्या सुती साडीतली बाई. हातात रिकामी पिशवी, आणि केस विस्कटलेले.

"थानेदार जी, म्हारी तो नाक कट गी!" नाइन घुंगटातूनच ओरडली. "इसकी मेहंदी लगाई बींदणी के हाथ में। पीली आई, पीली!"

हे ऐकून शहरातल्या वाचकाला हसू येईल. पण तिथे नवरीची मेंदी गडद रंगली नाही तर सासरी तिचे कौतुक होणार नाही, असे सगळे मानतात. फिकी मेंदी म्हणजे अपशकुन, आणि त्याचा दोष जातो नाइनच्या माथी. शहराबाहेरच्या बस्सी गावाकडचे हिचे एक जुने, पिढीजात यजमानांचे घर त्या एका रात्रीत तुटले होते. पुन्हा येऊ नकोस, असे नवरीच्या आजीने तिला उंबऱ्यावरच सांगितले होते.

मी दुसरीला विचारले. तिने नाइनच्या हातातला फाटका पुडा उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्या छातीवरच्या नावपट्टीकडे बघत चक्क मराठीत म्हणाली, "साहेब, ह्यो पुडा माजा न्हाई. मतलब, माजा हायच न्हाई. माज्या पुड्यावर मोर असतोय. ह्यो तर पंखा हाय!"

पुड्यावर खरोखरच पंखा होता. नाइनने घुंगट जरासा वर करून पाहिले आणि बाईंना धरलेला हात सोडला.

बाई साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत होता, जयपूरच्या छावणीत असतानाच वारला. गावी परत जाऊन दिराच्या ताटात जेवायचे नाही म्हणून त्या इथेच राहिल्या. मानसरोवरची वसाहत तेव्हा नुकती उभी राहत होती. तिथल्या एका खोलीत त्या सोजतहून आलेला मेंदीचा पाला दळून आणत, मलमलीतून चाळत आणि पुडे बांधत. हिरवा पुडा, वर पिवळी पट्टी, मध्ये लाल गोल आणि गोलात पिसारा फुलवलेला पांढरा मोर. मोर त्यांनी स्वतःच कागदावर काढला होता. मेंदी इतकी चोख की जुन्या शहरातल्या नाइणी दुसऱ्या कुणाची घेत नसत. मोराची नोंदणी मात्र त्यांनी केलेली नव्हती. कशाची नोंदणी, कुठे करायची, हे त्यांना सांगणारे कोण होते?

पंख्याचा पुडाही हिरवाच. वर पिवळी पट्टी, मध्ये लाल गोल, गोलात पांढरा पंखा. तो होता बाजारातल्या एका बड्या सेठचा. बाजार कमिटीवर त्याचा शब्द चाले आणि पुढाऱ्यांच्या बैठकीत त्याला गादी असे. त्याच्या पुड्यात मेंदी नावापुरती, बाकी वाळलेला पालापाचोळा आणि हिरवा रंग. गेल्या काही आठवड्यांत बाईंच्या मालाला बाजारात शिव्या बसत होत्या आणि दुकानदार मोराचे पुडे परत करत होते. आखातीजेत माल उठला नाही तर बाईंचा धंदा बुडाला, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी वर कळवले. आमचे सर्कल ऑफिसर, आपल्याकडचे डीवायएसपी, टेबलावर हात आपटून हसले. "मेहंदी फीकी पड़ी, इस पर मुकदमा? दीवानी मामला है भाई। औरत से कहो, वकील करे।"

कायद्याने ते चूक नव्हते. आपला माल दुसऱ्याच्या मालाच्या नावावर खपवणे, याबद्दल चिन्हाची नोंदणी नसली तरी दाद मागता येते. पण त्यासाठी दिवाणी दावा लावायचा आणि तारखा मोजत बसायचे. तोवर बाईंच्या खोलीला कुलूप लागले असते. गिऱ्हाइकाला फसवायच्या हेतूनेच पुडा तसा केला, हे दाखवता आले तर मात्र चारशेवीस लागते, आणि चारशेवीस आमचे. प्रश्न हेतूचा होता. हेतू माणसाच्या पोटात असतो आणि पोटाचा पंचनामा करता येत नाही.

मी रोजनामच्यात नोंद केली, फाटका पुडा मोहोर लावून मालखान्यात ठेवला आणि सेठला बोलावणे धाडले.

सेठ आला तो वकील घेऊनच. पांढरे धोतर, कपाळाला केशराचा टिळा, बोलण्यात साखर. वकिलाने माझ्या टेबलावर दोन्ही पुडे शेजारी शेजारी ठेवले. एकावर पक्षी, दुसऱ्यावर वस्तू. नाव वेगळे, पत्ता वेगळा, हिरव्या रंगाची छटाही वेगळी. "साहब, कोई अंधा ही धोखा खाएगा," वकील म्हणाला. मी कितीही डोळे ताणले तरी त्याचे म्हणणे मला खोडता येईना.

मग सेठनेच सुचवले, नाइणींना बोलवा, त्यांच्यासमोर पुडे ठेवा, दूध का दूध होऊन जाईल. सर्कल ऑफिसरांना कल्पना आवडली, एकदाची कटकट मिटेल म्हणून. जशी आरोपींची ओळख परेड, तशी पुड्यांची परेड त्यांच्या कचेरीत भरवली. टेबलावर निरनिराळ्या मेंदीचे पुडे ओळीने मांडले, त्यांत मोर आणि पंखाही. महिला शिपायाने एकेका नाइनला आत आणले. पुरुषांसमोर त्या घुंगट काढेनात, तेव्हा सेठ स्वतः हात जोडून म्हणाला, "घूँघट उठाकर देखो बहन, आराम से देखो।"

त्यांनी घुंगट उचलला, पाहिले आणि झाडून सगळ्यांनी मोरावरच बोट ठेवले. एकीचीही चूक झाली नाही. वकील खिडकीबाहेर बघत गालात हसला. साहेबांनी मला दारापर्यंत पोहोचवत सांगितले, "अब यह तमाशा बंद करो।" वऱ्हांड्यात हवालदार मंडळी माझी नजर चुकवत होती. मेंदीवाले साहेब हे माझे नवे नाव तोवर सगळ्या ठाण्यांत पोहोचले होते.

पोलिसाने एक गोष्ट नेहमी करावी. चौकशी संपली असे जाहीर झाल्यावर जरा वेळ तिथेच रेंगाळावे, कारण माणसे खरे वागायला तेव्हाच लागतात. मी रेंगाळलो. आमची पहिली नाइन येताना घरचा मोराचा पुडा घेऊन आली होती, तो टेबलावर राहिला होता. आता तिने घुंगट खाली ओढला, परत आली, पुडा उचलला आणि चालू लागली.

तिने उचलला होता पंखा.

"बाई, थांब. हातात काय आहे ते बघ," मी म्हणालो. तिने घुंगट वर केला आणि पुडा निखारा असल्यासारखा टेबलावर टाकला. मी सेठकडे पाहिले. सबंध खोलीत तो एकटाच माणूस चकित झालेला नव्हता.

सायकलवरून घरी जाताना माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळत होते. घूँघट उठाकर देखो. सेठला बायकांच्या सोयीची एवढी काळजी का? या बायका बाजारात घुंगट उचलतात कुठे? त्या त्याच मोहल्ल्याच्या सुना. दुकानाच्या गादीवर सासऱ्याच्या वयाची माणसे, रस्त्यावर दीर-जेठ. तोंडापुढे पातळ लाल ओढणी, आणि ओढणीआडून मागणी, "हरी पुड़िया दो, लाल गोले वाली।" पुडा घरी आला की फाडून परातीत ओतायचा. फाडताना चित्र कोण बघते?

घरी पोहोचताच बायकोला म्हणालो, "शेजारणीची एखादी लाल ओढणी मागून आण. पातळ असावी."

"अहो, आता ठाण्यात घागरा घालून जाणार की काय?" ती म्हणाली. पण घेऊन आली.

मी खुर्चीवर बसलो, ओढणी डोक्यावरून तोंडापुढे ओढली आणि बायकोला म्हटले, एकेक पुडा दाखव. शपथेवर सांगतो, मला फरक कळेना. लाल कापडातून हिरवा रंग काळपट दिसत होता आणि लाल गोल उजळ. गोलातले पांढरे चित्र त्या उजेडात विरघळून जात होते. मोर नाही, पंखा नाही, नुसते काळ्यावर चांदोबासारखे एक वाटोळे. पिवळ्या पट्टीवरचे पंख्याचे नाव लाल अक्षरांत छापलेले होते, तेही पुसून गेल्यासारखे. बायकोने तीनदा पुडे बदलले आणि तिन्ही वेळा मी चुकलो. मग ओढणी तिने घेतली, तीही चुकली. नंतर मात्र ती हसली नाही. "मेला किती पोचलेला आहे," एवढेच म्हणाली.

फसवणूक कशी होते ते कळले होते. ती मुद्दाम केली आहे, हे अजून हातात नव्हते. माझा एक जुना खबरी हातगाडी ओढायचा. त्याच्याकडून कळले की सेठचा माल बस्सीच्या एका चक्कीवर भरला जातो आणि पुड्यांचा कागद परकोट्यातल्याच एका छापखान्यातून जातो. छापखान्याचा मालक भित्रा पण चिवट, सेठच्या कामावर त्याचे घर चालत होते.

त्याला बोलावले. तो येऊन बसला. मला काही आठवत नाही, हे एकच पालुपद. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. त्याने माणूस घाबरतो खरा, पण घाबरलेला माणूस आपल्याला जे हवे ते बोलतो, जे घडले ते नाही. मी चहा मागवला, त्याच्या गावची, पाण्याची विचारपूस केली. मग खणातून ती लाल ओढणी काढून टेबलावर ठेवली आणि चहा पीत राहिलो.

त्याने कप खाली ठेवला.

"साहब," तो म्हणाला, "आपको किसने बताया? यह तो सेठजी लाए थे।"

"सांगा, कशासाठी?" मी हिंदीत विचारले, जणू मला सगळे ठाऊकच होते.

मग त्याचा बांध फुटला. सेठने मोराचा पुडा आणून दिला होता आणि त्याच्या जवळपासचे नमुने करायला सांगितले होते. नमुने तयार झाल्यावर तो घरून ओढणी घेऊन आला. छापखान्यात दरवाजा लावून बसला, पगडीवरून ओढणी ओढली आणि मोर व एकेक नमुना आळीपाळीने तोंडापुढे धरवला. ज्यात फरक कळला तो नमुना नापास, ज्यात कळला नाही तो पास. पंख्याचे नाव आधी काळ्या शाईत होते. ओढणीतून ते वाचता आले, म्हणून सेठने शाई बदलून लाल करायला लावली. "मुझे हँसी आ गई थी साहब, इसीलिए याद है," तो म्हणाला.

त्याच दुपारी दोन पंच घेऊन छापखाना तपासला. छापखानेवाले रद्द झालेला कागद फेकत नाहीत, तेच इथेही घडले होते. काळ्या अक्षरांचे नापास नमुने छपाईच्या खिळ्यांच्या फळ्यांवर धूळ बसू नये म्हणून अंथरलेले मिळाले. पंचनामा केला आणि वर कुणाला न विचारता बाईंच्या फिर्यादीवरून चारशेवीसचा गुन्हा दाखल केला.

तासाभरात सर्कल ऑफिसरांचा फोन आला. बाजार बंद ठेवण्याची धमकी आली होती, जयपूरच्या बाहेर बरीच ठाणी रिकामी आहेत असेही ते म्हणाले. मी म्हटले, "सर, बदली माझी होईल, गुन्ह्याची होणार नाही. तो नोंदला गेला आहे." त्यांनी फोन आपटला. मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे वकिलाने पुन्हा तोच खेळ मांडला, पुडे शेजारी शेजारी. मी ओढणी पुढे केली. वकील उसळला, हा न्यायालयाचा अपमान आहे म्हणाला. मॅजिस्ट्रेट वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला आणि ओढणी स्वतःच डोळ्यांपुढे धरली. बराच वेळ ते पुडे खालीवर करत राहिले. मग वकिलाला म्हणाले, "वकील साहब, खरीदने वाली घर से दूसरी पुड़िया मिलाने के लिए साथ नहीं लाती।" बस्सीच्या चक्कीवरचा आणि बाजारातला पंख्याचा सगळा माल जप्त करण्याचा हुकूम मिळाला.

सेठची साखर आता विरघळली होती. मी चौकशीत त्याला एकच विचारले, "पंखा विकायचा होता ना तुम्हाला? मग तो तोंड झाकून का पाहिलात?" कपाळाचा घाम पुसताना त्याच्या टिळ्याचे केशर बोटांना लागले.

पण असली माणसे हरत नाहीत, तडजोड करतात. आखातीजेच्या आदल्या आठवड्यात तो वकिलासह ठाण्यात आला. प्रस्ताव मोठा गोड होता. दोघांनीही थोडे थोडे बदलावे. बाईंनी पुड्याचा रंग बदलावा, नाव मोठे छापावे, सेठही काही फेरफार करील. वर सगळा छपाईखर्च सेठचा. बाईंनी फक्त फिर्याद मागे घ्यावी. सर्कल ऑफिसर खास त्यासाठी येऊन बसले होते. मलाही क्षणभर वाटले, दोन पुडे कायमचे वेगळे होतात, बाईंचा सीझन वाचतो, कोर्टाचे हेलपाटे वाचतात. मी म्हणालो, "वहिनी, विचार करून पाहा."

बाई उभ्याच होत्या. शेजारी नाइन, जिने त्यांना केसांना धरून आणले होते तीच. गेले काही दिवस ती बाईंबरोबर दुकानादुकानांत फिरून मोराची बाजू सांगत होती.

"इच्यार केलाय साहेब," त्या मला म्हणाल्या आणि सेठकडे वळल्या. त्यांची हिंदी मोडकी होती, पण त्या दिवशी कुठे अडली नाही. "सेठजी, मैं क्यों बदलूँ? मेरी बहनें घूँघट में से मुझे पहचानती हैं। पढ़ना नहीं आता, फिर भी पहचानती हैं। इतने साल में मैंने बस यही कमाया है। वो आपको चाहिए था, इसलिए तो ओढ़नी लेके बैठे थे।"

सर्कल ऑफिसर समजावणीच्या सुरात काही बोलू लागले. बाईंनी त्यांना हात दाखवून थांबवले. पोलीस ठाण्यात डीवायएसपीला हात दाखवून थांबवणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

"चोर ने घर पहचान लिया, तो मैं घर तोड़ूँ? बदलना है तो आप बदलो।"

फिर्याद मागे गेली नाही. खटला पुढे रेंगाळला आणि शेवटी सेठ दंडावर सुटला, त्याचे मला आजही वाईट वाटते. पण पंख्याचा तो पुडा पुन्हा काढणार नाही, असे सेठला कोर्टात लिहून द्यावे लागले आणि आखातीजेला परकोट्यात मोराशिवाय दुसरी मेंदी विकली गेली नाही. पावसाळ्याआधीच माझी बदली वाळवंटातल्या एका चौकीवर झाली. बायकोने सामान बांधताना कुरकुर केली, मी केली नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवले. दोन वस्तू सारख्या आहेत की वेगळ्या, हे टेबलाच्या या बाजूने, भरपूर उजेडात, चष्मा लावून ठरवायचे नसते. जिला फसवले ती जिथे उभी असते तिथे जाऊन उभे राहायचे असते, मग लोक हसोत. आणि दुसरे असे की समेट या शब्दाला मी तेव्हापासून फार जपून हात लावतो. समेटात पुष्कळदा अर्धी चोरी पचून जाते आणि आपण ती समंजसपणा म्हणून पदरात घेतो. मी त्या दिवशी घ्यायला निघालोच होतो, बाईंनी घेतली नाही.

पुढच्या हंगामात सेठने पुडा निळा केला. मोर हिरव्यावरच राहिला.